रामोशी-कोळ्यांच्या उठावांची नोंदवही कोण लिहिणार?

आंबवडे (ता. भोर) : पावसाळा सुरू झाला, की पुण्याहून भोरच्या दिशेने जाणाऱ्या वर्षासहलींच्या गाड्या आंबवड्याला हमखास थांबतात. नागेश्वराचे देवालय, संस्थानकाळातला झुलता पूल आणि दाट झाडी पाहून मंडळी पुढे रायरेश्वराकडे निघतात. थोडी अधिक जिज्ञासा असलेले कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्यांपुढे नतमस्तक होतात. ताराबाईंना दिलेली शपथ आणि शाहू महाराजांचा हक्क या पेचात सापडून १७०७ साली याच गावी देह ठेवणारे शंकराजी नारायण सचिव यांचीही समाधी येथेच आहे. एका लहानशा गावाच्या वाट्याला इतका इतिहास क्वचितच येतो.

याच तालुक्यात उत्रोळी नावाचे गाव आहे. १५ डिसेंबर १८३१ रोजी उमाजी नाईक तेथे इंग्रजांच्या हाती लागले. पुरंदरपासून सातारा, भोरच्या डोंगरांपर्यंत कंपनी सरकारला पाच-सहा वर्षे झोप न लागू देणाऱ्या रामोशी उठावाची अखेर त्या दिवशी झाली. सहलीच्या कार्यक्रमात मात्र उत्रोळीचे नाव सहसा नसते. सतराव्या शतकातली माणसे आपल्याला जवळची वाटतात आणि एकोणिसाव्या शतकातली, जी कालगणनेने कितीतरी अलीकडची, ती दूरची वाटतात. या विसंगतीचे कारण केवळ उदासीनता नाही. कोणाच्या घरी दफ्तर होते आणि कोणाच्या घरी नव्हते, हा त्यातला कळीचा मुद्दा आहे.

एका घराण्याचे कागद

आंबवड्याशेजारच्या कारी गावचे जेधे देशमुख हे वतनदार घराणे. वतनाचा वाद उद्भवला, तर पुरावा हवा म्हणून या घराण्याने आपले कागद पिढ्यान्‌पिढ्या जपले. 'जेधे शकावली' आणि 'जेधे करीना' ही दोन साधने त्यातूनच इतिहासाला मिळाली. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली शकावली प्रसिद्ध केली आणि शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद नव्याने पेटला. पुढे राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली, त्यामागे या शकावलीतील नोंदीचा आधार मोठा होता. डोंगरातल्या एका घराण्याच्या दफ्तराने महाराष्ट्राची सुटीची तारीख ठरविली, असे म्हटले तरी ते वावगे ठरणार नाही.

रामोश्यांकडे असे दफ्तर नव्हते. गडांची राखण आणि गावांची जागल हे त्यांचे परंपरेने चालत आलेले काम. त्याचा मोबदला मिळे तो धान्यात आणि जमिनीच्या रूपाने. गडाच्या चौकीवर रात्र काढणाऱ्या माणसाने आपली शकावली लिहून ठेवावी, अशी त्या समाजरचनेत सोयच नव्हती. त्यामुळे उमाजींबद्दल आज जे काही तपशिलाने कळते, त्याचा मोठा भाग एका इंग्रजी ग्रंथातून येतो. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश या मद्रास पायदळातील अधिकाऱ्याने रामोशी जमातीची उत्पत्ती, तिची सद्यःस्थिती आणि उमाजी नाईकांचे चरित्र असा ग्रंथ लिहिला. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात तो १८३३ साली छापला गेला. हा मॅकिंटॉश उमाजींच्या पाठलागाच्या मोहिमेतला अधिकारी होता. त्याच सुमारास महादेव कोळ्यांच्या बंडाच्या बंदोबस्तावरही तो होता आणि पुढे त्या जमातीवरही त्याने स्वतंत्र निबंध लिहिला.

म्हणजे ज्याने पकडायचे, त्यानेच चरित्र लिहायचे! एका अर्थाने हे आपले नशीबच म्हणायचे. कारण मॅकिंटॉश नसता, तर उमाजींच्या आयुष्यातले अनेक प्रसंग कायमचे काळाच्या पडद्याआड गेले असते. माणूस चौकस होता. आपल्या शत्रूविषयी त्याला कुतूहल होते आणि काही ठिकाणी तर त्याच्या लिखाणात आदराची छटाही दिसते. पण तो सरकारचा नोकर होता. कोणते कृत्य दरोडा आणि कोणते बंड, हे ठरविण्याचा अधिकार त्याच्या लेखणीने गृहीत धरला. पुढे १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने रामोश्यांविषयी जे लिहिले, त्यावर मॅकिंटॉशची छाया आहे आणि गॅझेटियरवरून लिहिलेल्या मराठी पुस्तकांवर गॅझेटियरची!

साल कोणते खरे?

आपल्याकडे या विषयाचे संशोधन किती हलगर्जीपणे झाले आहे, याचा एक नमुना पाहण्यासारखा आहे. उमाजींना पुण्यात खडकमाळ आळीतील मामलेदार कचेरीच्या आवारात ३ फेब्रुवारी रोजी फाशी देण्यात आले, यावर सर्वांचे एकमत आहे. साल मात्र कोठे १८३२, तर कोठे १८३४ असे छापलेले सापडते. काही ठिकाणी तर साल १८३२ आणि वय त्रेचाळीस अशी जोडी एकाच परिच्छेदात दिलेली असते. जन्म ७ सप्टेंबर १७९१ चा धरला, तर फेब्रुवारी १८३२ मध्ये त्यांचे वय चाळीस भरते. ज्या ग्रंथात त्यांचे चरित्र आले, तो १८३३ मध्ये छापून बाहेर पडला होता. तेव्हा १८३४ हे साल टिकण्यासारखे नाही. ही साधी वजाबाकी आहे. तरीही दरवर्षी अभिवादनाच्या बातम्यांत आणि फलकांवर दोन्ही साले सुखेनैव नांदतात.

ज्याला 'आद्यक्रांतिकारक' म्हणून गौरवायचे, त्याच्या मृत्यूचे सालही एकदा नीट तपासून घ्यावेसे वाटू नये, हे खटकते. (वासुदेव बळवंत फडके यांनाही हीच पदवी लावली जाते. दोघांपैकी आद्य कोण, यावर जितकी शाई खर्च झाली, त्याच्या चतुर्थांश जरी फाशीच्या सालावर झाली असती, तर गोंधळ मिटला असता.) फडक्यांच्या १८७९ च्या उठावात त्यांच्यासोबत लढले ते प्रामुख्याने रामोशीच होते. त्यांचे उजवे हात मानले गेलेले दौलतराव नाईक त्याच वर्षी मे महिन्यात सरकारी फौजेशी झालेल्या चकमकीत मारले गेले. शालेय पुस्तकांत फडके असतात. दौलतराव असले, तर एखाद्या वाक्यापुरते.

सरहद्द कोठे होती?

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि सह्याद्रीतल्या गडांवरील शिबंदी मोडीत निघाली. पिढीजात राखणदारांची चाकरी गेली, वतने आणि हक्क सरकारी चौकशीच्या कचाट्यात सापडले. त्यातच १८२५ च्या सुमारास दख्खनमध्ये टंचाई आली. रामोश्यांच्या १८२६ नंतरच्या उठावाची ही पार्श्वभूमी आहे. उत्तरेकडे अकोले, जुन्नर, राजूरच्या डोंगरांत महादेव कोळी नाईकांचीही स्थिती वेगळी नव्हती. घाटवाटांच्या पहाऱ्याबद्दल मिळणारे त्यांचे हक्क आटले आणि सावकारांचे खातेवही कायद्याच्या बळाने त्यांच्या दारात पोहोचले. रामजी भांगरे आणि पुढे त्यांचे पुत्र राघोजी यांच्या उठावांची मुळे तेथे आहेत. राघोजींना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. खानदेशात भिल्लांविरुद्धच्या मोहिमा तर १८१८ पासूनच सुरू होत्या. १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने धरणगावला भिल्ल पलटण उभारली आणि भिल्लांकरवी भिल्लांचा बंदोबस्त करण्याची पद्धत रूढ केली. ११ एप्रिल १८५८ ची आंबापाणीची लढाई ही या मालिकेतील सर्वांत रक्तरंजित घटनांपैकी एक. तेथे पकडलेल्या भिल्लांना रणभूमीवरच लष्करी न्यायालयापुढे उभे करून गोळ्या घालण्यात आल्या.

या सर्व घटनांना 'सरहद्दीवरील संघर्ष' म्हणता येईल काय, असा प्रश्न विचारला जाऊ शकतो. अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियात गोऱ्या वसाहतवाल्यांची सीमा वर्षागणिक पुढे सरकत होती. सह्याद्रीत तसे घडले नाही. येथे गोरा शेतकरी आला नाही, आला तो कंपनीचा कायदा. पण सरहद्द येथेही होती. पुरंदर आणि पुणे हा कंपनीचा मुलूख, भोर सचिवांचा, सातारा छत्रपतींचा आणि पूर्वेला निजाम. १८१९ च्या तहाने सातारा आणि १८२० च्या कराराने भोर कंपनीच्या अंकित झाले, तरी प्रत्येकाचा अंमल वेगळा होता. एका मुलखात पाठलाग सुरू झाला, की डोंगर ओलांडून दुसऱ्या मुलखात उतरायचे, हे रामोश्यांचे तंत्र या फटींवर उभे होते. उमाजी कंपनीच्या पुण्यात न सापडता सचिवांच्या भोरात सापडले, याचा अर्थ त्या फटी १८३१ पर्यंत बुजविण्यात आल्या होत्या. जुन्या साथीदारांच्या फितुरीची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. दहा हजार रुपये आणि चारशे बिघे जमीन असे बक्षीस होते, हेही सांगितले जाते. पण भोर संस्थानाने त्या काळात काय भूमिका घेतली, कंपनीचा किती दबाव त्यावर होता, गावच्या पाटील-कुलकर्ण्यांनी कोणती बाजू धरली, हे प्रश्न स्थानिक कागदांच्या आधारे नीट तपासले जायला हवेत.

येथे एका अवघड गोष्टीचा उल्लेख टाळून चालणार नाही. रामोश्यांच्या टोळ्यांनी सरकारी खजिनेच लुटले असे नाही, गावेही लुटली. त्यात कुणबी होते, वाणी होते, गरीबही होते. उमाजी काही काळ कंपनीच्या चाकरीतही होते. सरकारने माफी देऊन त्यांच्यावर मुलखाच्या बंदोबस्ताची जबाबदारी सोपविली होती. १८३१ च्या जाहीरनाम्यात इंग्रजांची नोकरी सोडा, सारा देऊ नका, असे आवाहन करणारा हाच माणूस होता. जयंतीच्या भाषणात या गोष्टी बसत नाहीत, म्हणून त्या गाळल्या जातात. पण गाळल्या, की उमाजी पुतळ्यासारखे एकसुरी होतात आणि ज्यांना त्यांना दरोडेखोरच म्हणायचे आहे, त्यांच्या हाती गाळलेलाच भाग आयता पडतो.

दोन कपाटे

मान्यता मिळालेली नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ७ सप्टेंबरला मंत्रालयात उमाजींच्या प्रतिमेला पुष्पहार अर्पण होतो. खडकमाळ आळीत स्मारक आहे, भिवडीत जन्मस्थळी अभिवादन होते. २०२३ च्या अर्थसंकल्पात रामोशी समाजासाठी राजे उमाजी नाईक आर्थिक विकास महामंडळाची घोषणा झाली. केंद्र सरकारने २०२१ पासून १५ नोव्हेंबर हा बिरसा मुंडा यांचा जन्मदिवस 'जनजातीय गौरव दिवस' म्हणून जाहीर केला. त्यानिमित्ताने राघोजी भांगरे, खाज्या नाईक आदींची नावे घेतली जाऊ लागली.

मात्र या मान्यतेची रचना पाहिली, की एक गंमत ध्यानात येते. महादेव कोळी आणि भिल्ल हे अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. रामोशी महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहेत. त्यामुळे राघोजींचे संशोधन पुण्यातील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या कक्षेत येते. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेतून डॉ. गोविंद गारे यांच्यासारखे अभ्यासक घडले आणि महादेव कोळ्यांचा इतिहास पुष्कळ प्रमाणात लिहिला गेला. उमाजी मात्र दुसऱ्या खात्याच्या, दुसऱ्या कपाटात. १८३० च्या सुमारास एकाच अधिकाऱ्याने, एकाच सैन्यबळावर, एकाच डोंगररांगेत दडपलेले दोन उठाव आज दोन सरकारी याद्यांमुळे दोन वेगळे इतिहास झाले आहेत. इंग्रजांच्या दृष्टीने दोघेही 'डोंगरातले बंडखोर' होते. आपल्या प्रशासनाला ते एकत्र पाहायचे, तर दोन मंत्र्यांच्या सह्या लागतील.

विमुक्त हा शब्दही सहज उच्चारण्याजोगा नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्माने गुन्हेगार ठरविण्याची सोय करून ठेवली. पुढे १९११ च्या सुधारित कायद्याने ती मुंबई इलाख्यातही लागू झाली. रामोशी, बेरड, कैकाडी, भामटा, पारधी आदी समाज तिच्या कक्षेत ओढले गेले. हजेरी, गावाबाहेर जाण्यास परवाना, सोलापूरसारख्या ठिकाणच्या सेटलमेंट ही त्याची रूपे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून हा कायदा हटला, तेव्हा या जमाती 'विमुक्त' झाल्या. म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. ज्याने मॅकिंटॉशला पुस्तक लिहायला लावले, तो उठाव आणि ज्याने पुढे चार पिढ्यांना पोलीस पाटलापुढे हजेरी लावायला लावली, तो कायदा, यांच्यामधला धागा सरळ नसेल, पण तुटलेलाही नाही.

हा जुना इतिहास आहे, अशी समजूत असल्यास सर्वोच्च न्यायालयाचा ३ ऑक्टोबर २०२४ चा निकाल वाचावा. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर न्यायालयाने तुरुंगांतील जातीनिहाय कामवाटप घटनाबाह्य ठरविले. विमुक्त जमातींना जन्मजात सराईत गुन्हेगार मानणारे तुरुंग नियमावल्यांतील उल्लेखही त्याच निकालाने रद्दबातल झाले. म्हणजे २०२४ पर्यंत ते उल्लेख छापील नियमांत होते.

ऑस्ट्रेलियाचा नकाशा

या संदर्भात ऑस्ट्रेलियाचा अनुभव पाहणे उपयुक्त ठरेल. तेथील मूळनिवासींच्या हत्याकांडांविषयी दीर्घकाळ मौन होते. मानववंशशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. एच. स्टॅनर यांनी १९६८ च्या व्याख्यानमालेत या मौनावर बोट ठेवले. हेन्री रेनॉल्ड्स यांनी १९८१ मध्ये सरहद्दीच्या पलीकडील बाजूने इतिहास मांडला. २००२ मध्ये कीथ विन्डशटल यांनी हा सारा इतिहास रचलेला असल्याचा आरोप केला, तळटीपा तपासल्या आणि देशभर वाद पेटला. त्या वादातून एक चांगली गोष्ट घडली. पुराव्याची कसोटी कडक झाली.

न्यूकॅसल विद्यापीठाच्या लिंडल रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ पासून हत्याकांडांचा नकाशा प्रसिद्ध करायला सुरुवात केली. सहा किंवा अधिक निःशस्त्र, असहाय माणसे मारली गेली, तरच घटना नकाशावर येईल, ही व्याख्या आधी ठरविली. प्रत्येक ठिकाणापुढे साधने दिली आणि पुरावा किती भक्कम, हे दर्शविणारी श्रेणीही दिली. १७८८ ते १९३० या काळातल्या चारशेहून अधिक घटना त्यात नोंदल्या गेल्या. त्यातली १० जून १८३८ ची मायल क्रीकची घटना विशेष आहे. तेथे २८ मूळनिवासी मारले गेले; एका खटल्यात आरोपी सुटले, पुन्हा खटला चालला आणि सात गोऱ्यांना फाशी झाली. कोर्टाचे कागद असल्यामुळेच तेथे तपशील मिळतो. इतरत्र बहुतेक ठिकाणी तो साधनांचे तुकडे जुळवून मिळवावा लागला. २००० साली मायल क्रीकला स्मारक उभे राहिले, तेव्हा मारेकऱ्यांचे आणि बळींचे वंशज दोघेही तेथे आले होते.

ऑस्ट्रेलियाने सारे काही साधले, असे मुळीच नाही. मूळनिवासींना संसदेपुढे आवाज देणारा प्रस्ताव तेथील मतदारांनी ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात फेटाळला. नकाशा तयार झाला, म्हणून मने बदलली नाहीत. पण घटना घडलीच नाही, असे म्हणणे मात्र तेथे आता कठीण झाले आहे.

आपल्याकडे काय करता येईल?

साधने मुळीच नाहीत, अशी आपली स्थिती नाही. मुंबई सरकारने १९५७ मध्येच स्वातंत्र्य चळवळीच्या साधनांचा पहिला खंड काढला. १८१८ ते १८८५ या काळातील रामोशी, कोळी, भिल्ल उठावांचे आणि फडक्यांच्या बंडाचे सरकारी कागद त्यात आहेत. मुंबई आणि पुण्याच्या पुराभिलेखागारांत आणखी कितीतरी रुमाल आहेत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत कंपनीचे दफ्तर आहे. यातले इंग्रजी कागद इंग्रजांच्या बाजूचे. मराठी कागद मोडीत. मोडी वाचणारे तरुण आता पुन्हा तयार होत आहेत, पण त्यांचा ओढा, स्वाभाविकपणे, शिवकाल आणि पेशवाईकडे. १८२० ते १८५० या काळातले गावपातळीचे अर्ज, जबान्या, इनाम चौकशीचे कागद वाचायला फार थोडे बसतात. त्यात ना लढाईचा थरार, ना राजवाड्याचे वैभव. एखाद्या रामोश्याची जबानी मात्र तेथेच सापडेल. चौकशी अधिकाऱ्याने विचारलेल्या प्रश्नांच्या चौकटीत का होईना, त्याचे स्वतःचे शब्द.

दुसरे साधन वेगाने संपत चालले आहे. पुरंदर, भोर, सासवड, जेजुरीच्या परिसरातील रामोशी घरांतून आजोबा-पणजोबांच्या हकिगती सांगणारी पिढी आता वृद्ध आहे. जेजुरीच्या खंडोबाभोवतीच्या गीतांत आणि कथांत उमाजी आहेत. या मौखिक साधनांना पुराव्याचा दर्जा द्यायचा की नाही, यावर इतिहासकार वाद घालत बसतील. आधी ती ध्वनिमुद्रित तरी व्हायला हवीत. जिवा महालाचे नाव एका म्हणीने तीन शतके टिकविले, हे आंबवड्यात उभे राहून नाकारता येणार नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते नवा पुतळा किंवा नवी जयंती ही आजची गरज नाही. चकमकी, फाशी, गावांवर बसविलेले दंड, लुटलेली गावे, माफीचे करार यांची तारीख आणि ठिकाणवार नोंदवही हवी. प्रत्येक नोंदीपुढे साधन, आणि ते कोणाच्या बाजूचे, हे लिहिलेले असावे. रामोशी, कोळी, भिल्ल या तिन्हींसाठी ती एकच असावी. काम फार खर्चाचे नाही. एखाद्या विद्यापीठाचा इतिहास विभाग, चार मोडी वाचक आणि तीन वर्षे एवढे पुरेल. अडचण आहे ती हे काम कोणत्या खात्याच्या शीर्षाखाली टाकायचे, ही. नवे महामंडळ कर्जयोजनांसाठी आहे, आदिवासी संशोधन संस्थेच्या कक्षेत रामोशी बसत नाहीत आणि पुराभिलेख विभागाचे काम कागद जपण्याचे आहे, त्यांतून इतिहास लिहिण्याचे नाही. भोरच्या इतिहासप्रेमींनी सुरुवात स्वतःपासून करायची ठरविली, तर संस्थानकाळातील ज्या घरांत अजून जुने रुमाल बांधलेले आहेत, तेथे १८३१ सालचे कागद आहेत का, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले. उत्रोळीच्या त्या डिसेंबरविषयी मॅकिंटॉशखेरीज दुसऱ्या कोणाचा तरी कागद त्यात असू शकतो.